पुसट कडेची सावली

रस्त्याच्या कडेला नव्या गृहसंकुलाची भलीमोठी पाटी उभी राहते आणि तिच्यावर एका दिवाणखान्याचे चित्र असते. कोच, त्यापुढे बैठे टेबल, खिडकीला पातळ पडदा, फरशीवर उन्हाचा पट्टा. पाहणाऱ्याला वाटते, हा फोटो आहे. पण पाटीच्या मागे डोकावून पाहावे, तर नुसता मोकळा माळ! पाया खणायलाही अजून सुरुवात झालेली नसते. मग फोटो घेतला कशाचा? कशाचाच नाही. ते चित्र संगणकाने गणित करून काढलेले असते. खोलीची मापे, भिंतींचे रंग, दिव्यांच्या जागा संगणकाला सांगावयाच्या आणि 'ह्या खोलीत अमुक ठिकाणी उभे राहिले तर काय दिसेल?' असे त्याला विचारावयाचे. ह्या कामाला रेंडरिंग म्हणतात. घरांच्या आराखड्यांचे काम करणाऱ्या बहुतेक कचेऱ्यांतून ते आता रोजचे झाले आहे.

ह्या चित्रांपैकी काही पाहताक्षणी खरी वाटतात, तर काही पुठ्ठ्याच्या खेळण्यासारखी दिसतात. कोच तोच, लाकूड तेच, रंगही तेच. मग फरक पडतो कोठे? पुष्कळदा तो सावलीत पडतो, आणि नेमके सांगावयाचे तर सावलीच्या कडेत पडतो. खोलीतल्या सावलीची कड सहसा कात्रीने कापल्यासारखी नसते. ती हळूहळू विरत जाते. ही विरणारी, पुसट कडेची सावली चित्रात कशी आणावयाची, हा ह्या व्यवसायातला नेहमीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर समजले, तर चित्र काढणाऱ्याला त्याचा उपयोग होतोच. पण ते चित्र पाहून आयुष्याची पुंजी घरात घालणाऱ्यालाही तो होतो. म्हणून हा विषय जरा मुळापासून पाहू या.

प्रथम एक साधा प्रयोग करा. रात्री खोलीतले सगळे दिवे मालवा. मोबाइलच्या विजेरीचा उजेड भिंतीवर पाडा आणि मध्ये हात धरा. बोटांची सावली कशी रेखीव पडते! आता विजेरी बंद करून चार फुटी ट्यूब लावा. ट्यूबच्या खाली टेबलावर एक कोरा कागद ठेवा आणि कागदापासून दहा सेंटिमीटर उंचीवर पेन्सिल आडवी धरा. पेन्सिल ट्यूबला समांतर असेल, तर कागदावर तिची स्पष्ट रेघ उमटेल. आता पेन्सिल तशीच ठेवून नुसती काटकोनात फिरवा. सावली गेली कोठे? कागदावर फार तर एक फिकट डाग उरलेला दिसेल. दिवा तोच, पेन्सिल तीच, उंचीही तीच. पण सावली जवळजवळ नाहीशी झाली!

ह्यात जादू काहीच नाही, साधे त्रैराशिक आहे. कागदावरच्या एखाद्या बिंदूवर मुंगी बसली आहे अशी कल्पना करा. मुंगीला वर पाहिल्यावर सगळी ट्यूब दिसली, तर त्या जागी पुरा उजेड आहे. ट्यूबचा मुळीच भाग दिसला नाही, तर तेथे गडद सावली आहे. पण पेन्सिलीआडून अर्धी ट्यूब दिसत असली तर? तर तेथे अर्धा उजेड, म्हणजेच अर्धी सावली आहे. ग्रहणाच्या संदर्भात आपण प्रच्छाया आणि उपच्छाया हे शब्द ऐकतो, ते हेच. पंचांगात ज्याला छायाकल्प चंद्रग्रहण म्हटलेले असते, त्यात चंद्र पृथ्वीच्या केवळ उपच्छायेतून जातो. पुसट कड म्हणजे ही उपच्छाया होय. गडद सावलीपासून पुऱ्या उजेडापर्यंतचा तो मधला पट्टा आहे.

ह्या पट्ट्याची रुंदी किती? दिव्याची रुंदी घ्यावी, वस्तू आणि जमीन यांमधील अंतराने तिला गुणावे, आणि दिवा व वस्तू यांमधील अंतराने भागावे. आपली ट्यूब टेबलापासून दोन मीटर उंच आहे असे धरू. ती १२० सेंटिमीटर लांब आहे, पण तिची जाडी जेमतेम अडीच सेंटिमीटर आहे. पेन्सिल समांतर धरली असता तिच्या कडा ट्यूबची जाडी तेवढी 'पाहतात', त्यामुळे पुसट पट्टा दीड मिलिमीटरच्या आतबाहेरच राहतो. काटकोनात धरली की त्याच कडांना ट्यूबची सबंध लांबी दिसते आणि पट्टा सहा सेंटिमीटरांहून मोठा होतो. पेन्सिल स्वतः सात मिलिमीटर जाड. सहा सेंटिमीटरांच्या धुक्यात ती हरवली तर नवल काय?

तेव्हा पहिला मुद्दा पक्का झाला. सावलीची कड दिव्याच्या तेजावर अवलंबून नाही. दिवा जमिनीवरून केवढा मोठा दिसतो ह्यावर ती अवलंबून आहे. दिवा मंद केला म्हणजे सावली मऊ होईल, असा पुष्कळांचा समज असतो. तसे होत नाही. समईची एकच ज्योत मंद असते, पण ती लहान असल्यामुळे तिच्या उजेडात भिंतीवरच्या सावल्या चांगल्या ठसठशीत पडतात.

दुसरा मुद्दाही त्याच सूत्रातून निघतो. वस्तू जमिनीला जेथे टेकते तेथे मधले अंतर शून्य असते, म्हणून तेथे सावलीची कड रेखीवच असते. वस्तू जसजशी वर उचलावी तसतशी कड विरत जाते. छताला दोन फूट लांब-रुंद असा चौकोनी एलईडी दिवा बसवला आहे, छत पावणेतीन मीटरांच्या थोडे खाली आहे, आणि खाली एक खुर्ची ठेवली आहे असे समजा. खुर्चीच्या पायाशी सावली धारदार असेल. पण ४५ सेंटिमीटर उंचीवरच्या बैठकीच्या सावलीची कड सुमारे १२ सेंटिमीटर पसरेल. त्या जागी सहा सेंटिमीटरांचा साधा गोल बल्ब उघडा लावला, तर तीच कड सव्वा सेंटिमीटरावर येईल. म्हणजे एकाच खुर्चीच्या एकाच सावलीत रेखीव आणि पुसट अशा दोन्ही कडा असतात. ज्यांना हे ठाऊक नसते ते काय करतात, तर रेखीव सावली काढून ती सगळीकडून सारखीच पुसतात. मग पायाशीसुद्धा सावली धूसर होते आणि खुर्ची जमिनीवर उभी न राहता बोटभर वर तरंगते आहे असे वाटू लागते. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण डोळा फसत नाही.

आता सूर्याकडे वळू. सूर्य हा काही बिंदू नव्हे. आकाशात त्याचे बिंब सुमारे अर्ध्या अंशाचे दिसते. ह्याचा हिशेब असा होतो की, वस्तू जमिनीपासून एक मीटर दूर असली तर उन्हातल्या सावलीची कड सुमारे नऊ मिलिमीटर पुसट होते. दहा मीटर दूर असली तर नऊ सेंटिमीटर. खिडकीच्या गजांची सावली शेजारच्या फरशीवर रेखीव असते, पण चौथ्या मजल्यावरच्या कठड्याची सावली अंगणात पोचेपर्यंत चांगलीच विरते. गच्चीवर कपडे वाळत घालण्याची दोरी पाहा. दोन मीटर उंचीवरच्या बारीक दोरीला गडद सावली नसतेच. खाली नुसती करडी पुसट रेघ दिसते. आणि कौलारू घरातले कवडसे आठवा. कौलांमधली फट वेडीवाकडी असली तरी जमिनीवरचा कवडसा गोल का? कारण तो फटीचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी हेच कवडसे कोरीसारखे होतात. सूर्याला आकार आहे, ह्याचा ह्याहून सोपा पुरावा कोणता हवा?

इथपर्यंत दिव्याच्या आणि सूर्याच्या थेट उजेडाची गोष्ट झाली. पण घराच्या आत आपण बहुतेक वेळ ज्या उजेडात वावरतो, तो थेट नसतो. जुना चौसोपी वाडा डोळ्यांपुढे आणा. ऊन चौकात पडते. चौकातल्या फरशीवरून उजेड ओसरीच्या भिंतीवर जातो, तेथून तुळयांवर, आणि मग दारातून माजघरात शिरतो. माजघरात सूर्य कधी दिसत नाही, तरी दुपारी तेथे तांदूळ निवडता येतात. तेथल्या सावल्या पाहा: कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात हे बोट ठेवून सांगता येत नाही. कारण तेथे सबंध दार हाच एक दिवा आहे आणि समोरची भिंत हा दुसरा. आजच्या सदनिकेतही निराळे काही नाही. खिडकीतून दिसणारे आकाश हा खिडकीएवढा दिवा. फरशीवरचा उन्हाचा पट्टा हा खालून वर उजेड फेकणारा दिवा. आणि पांढरे छत हा सगळ्यांत मोठा दिवा. चांगली पांढरी भिंत आपल्यावर पडलेल्या उजेडातला सुमारे चार-पंचमांश परत टाकते. भिंत तांबडी असेल, तर परतलेल्या उजेडात तांबडी झाक येते आणि ती शेजारच्या सावलीत उतरते. म्हणूनच खोलीतली सावली निव्वळ काळी कधीच नसते.

चित्रकारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. वास्तूच्या आराखड्यांतून मात्र वेगळा प्रघात पडला. इमारतीच्या चित्रावर ऊन ४५ अंशांनी येते असे मानावयाचे आणि पट्टी-गुण्याने सावली आखावयाची. सज्जा किती पुढे आला आहे, हे तिच्या रुंदीवरून चटकन कळते. ती सावली मापासाठी असते, भास निर्माण करण्यासाठी नव्हे. त्यामुळे ती धारदार असली तरी चालते.

संगणकानेही आरंभ धारदार सावलीनेच केला. १९८० साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या टर्नर व्हिटेड यांनी किरणांचा मागोवा घेण्याची एक रीत प्रसिद्ध केली. तिच्यात काच, पाणी, चकचकीत गोळे उत्तम दिसत. पण दिवा बिंदू मानलेला असल्यामुळे सावल्या चाकूने कापल्यासारख्या पडत. १९८४ साली एकाच परिषदेत ह्या अडचणीवर दोन निरनिराळे उपाय पुढे आले. लुकासफिल्म कंपनीतील कुक, पोर्टर आणि कार्पेंटर यांनी सांगितले की, एक किरण पाठवण्याऐवजी पुष्कळ किरण थोडे थोडे विखरून पाठवावेत. कॉर्नेल विद्यापीठातील गोरल, टोरन्स, ग्रीनबर्ग आणि बॅटेल यांनी भट्टीतल्या उष्णतेच्या देवघेवीचे गणित उचलून ते भिंतींमधल्या उजेडाच्या देवघेवीला लावले. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी ह्या सगळ्याला सामावणारे एकच समीकरण मांडले. आजची बहुतेक सॉफ्टवेअरे त्याच समीकरणाचे उत्तर शोधण्यात गुंतलेली असतात. त्याच वर्षी कॉर्नेलच्या मंडळींनी आणखी एक छान गोष्ट केली. खरी रंगवलेली पेटी आणि तिचे गणिताने काढलेले चित्र त्यांनी लोकांपुढे शेजारी शेजारी ठेवले आणि खरे कोणते ते ओळखावयास सांगितले. उत्तरे जवळजवळ नाणे उडवून दिल्यासारखीच आली.

हे गणित संगणक करतो तरी कसे? चित्र हजारो बारीक ठिपक्यांचे असते. प्रत्येक ठिपक्यातून एक किरण खोलीत सोडावयाचा. तो फरशीवर जेथे पोचेल तेथे आपली मघाची मुंगी बसवावयाची आणि तिला विचारावयाचे, 'तुला दिवा दिसतो का?' दिवा बिंदू असला तर उत्तर होय किंवा नाही एवढेच असते, आणि म्हणून कड धारदार येते. दिव्याला लांबी-रुंदी असली, तर त्याच्यावरच्या ६४ जागा निवडून ६४ वेळा विचारावयाचे. त्यांपैकी ४० दिसल्या तर त्या बिंदूला पाच-अष्टमांश उजेड द्यावयाचा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती हीच. फक्त येथे एका शिताने भागत नाही. शिते थोडी घेतली तर शेजारच्या दोन ठिपक्यांची उत्तरे जुळत नाहीत आणि पुसट कडेवर वाळू भुरभुरल्यासारखे कण दिसतात. हे कण निम्मे करावयाचे तर नमुने दुप्पट करून पुरत नाही. चौपट करावे लागतात. १९२० बाय १०८० ठिपक्यांचे चित्र म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके. प्रत्येकी २५६ नमुने धरले तर ५३ कोटी प्रश्न झाले, आणि कण निम्मे करावयाचे तर २१२ कोटी! त्यात प्रत्येक किरण भिंतीभिंतींवरून उड्या मारणार, तो हिशेब वेगळाच. पुसट सावली महाग पडते ती ह्यामुळे.

आता प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. पहिली अशी की, दिव्याला त्याचा खरा आकार द्यावा. पुष्कळ सॉफ्टवेअरांत दिव्याची त्रिज्या शून्यही ठेवता येते. तशी ठेवली की सावली धारदार पडणारच. ट्यूब असेल तर चार फुटांची ट्यूब, घुमट असेल तर घुमटाएवढा गोल ठेवावा. दुसरी, दिवसाच्या चित्रात खिडकीबाहेर आकाश ठेवावे आणि खिडकीच्या चौकटीतून आकाशाचा उजेड येतो हे संगणकाला स्पष्ट सांगावे. म्हणजे त्याचे नमुने भिंतीवर डोके आपटत बसत नाहीत. तिसरी, भिंत शंभर टक्के पांढरी करू नये. उजेड कधी आटतच नाही आणि कोपरे वाहून जातात. चौथी, कण पुसून काढणारे प्रोग्राम हल्ली मिळतात. ते चांगले आहेत. पण नमुने फारच थोडे असले, तर कणांबरोबर ते खुर्चीच्या पायाशी असलेली बारीक सावलीही पुसतात. म्हणून चित्र तयार झाले की सगळ्यांत आधी टेबलखुर्चीचे पाय पाहावेत.

हे झाले खरे मार्ग. आडमार्गही आहेत. सगळ्या खोलीत कोठूनही न येणारा सारखा उजेड भरावयाचा; म्हणजे सावल्या फिक्या होतात, पण खोलीची खोलीच जाते. सूर्याचे बिंब सॉफ्टवेअरमध्ये दहापट मोठे करावयाचे. म्हणजे कड छान विरते, फक्त असा सूर्य आपल्या आकाशात उगवत नाही. समोरची इमारत चित्रातून काढून टाकावयाची. कॅमेऱ्यामागे अदृश्य दिवा टांगावयाचा. नाटकात किंवा चित्रपटात असे दिवे लावतात आणि तेथे ते योग्यच आहे, कारण तेथे कोणी ती खोली विकत घेत नाही. येथे मात्र एखादे कुटुंब त्या चित्रावरून वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेत असते. मऊ सावली त्याला सांगते की, ह्या खोलीत भरपूर आकाश आहे, दुपारी दिवा लावावा लागणार नाही. ते आकाश प्रत्यक्षात नसले, तर त्या घरातल्या मुलांना भर दुपारी ट्यूब लावून अभ्यास करावा लागेल.

कायद्यानेही ह्या बाबतीत काही सोय केली आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम २०१६ मध्ये झाला. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे जाहिरात, माहितीपुस्तिका किंवा नमुन्याची सदनिका यांच्या आधारे कोणी पैसे भरले आणि त्यातले विधान खोटे वा चुकीचे निघाल्यामुळे त्याचे नुकसान झाले, तर प्रवर्तकाने भरपाई द्यावयाची असते. घेणाऱ्याला बाहेरच पडावयाचे असेल, तर त्याची रक्कम व्याजासह परत करावयाची असते. सावली खोटी आहे असा दावा कोणी लावील असे मी म्हणत नाही. पण पैसे भरण्याआधी चित्र वाचता आले, तर पुढची पायपीट वाचते.

मग चित्र वाचावे कसे? एखाद्या सावलीवर बोट ठेवा आणि ती पाडणारा दिवा शोधा. खिडकी डावीकडे असताना कोचाची सावलीही डावीकडे पडली असेल, तर कोठेतरी लपवलेला दिवा आहे. सबंध खोलीत कोठेच गडद जागा नसेल, अगदी पलंगाखालीही, तर उजेड बाहेरून भरलेला आहे. उन्हाचा पट्टा दिसला तर खिडकी कोणत्या दिशेची आहे ते आराखड्यात पाहा. पुण्यासारख्या ठिकाणी हिवाळ्यात उत्तरेच्या खिडकीतून सूर्य आत येऊच शकत नाही. दक्षिणेच्या खिडकीतून डिसेंबरच्या अखेरीस तो मध्यान्ही सुमारे ४८ अंशांवर असतो. खिडकीची वरची चौकट जमिनीपासून सात फूट उंच असेल, तर ऊन साधारण सहा फूट आत येईल. त्या वेळी ते पंधरा फुटांवरच्या समोरच्या भिंतीला भिडलेले दाखवले असेल, तर तेथे चित्रकाराने आपली हौस भागवली आहे असे समजावे.

आणि विचारावयाला तर काहीच पैसे पडत नाहीत. विक्रीच्या कचेरीत बसलेल्या माणसाला सरळ विचारा: हे चित्र कोणत्या महिन्यातल्या कोणत्या वेळेचे आहे? समोरची इमारत किती दूर आहे, आणि ती चित्र काढताना धरली होती काय? ज्याने खिडकी, आकाश आणि शेजारची इमारत खरी मांडून चित्र काढले असेल, त्याला ह्याचे उत्तर एका वाक्यात देता येईल. ते आले नाही, तर प्रत्यक्ष जागेवर जा, खिडकी जिकडे होणार आहे तिकडे तोंड करून उभे राहा, आणि त्या बाजूला किती आकाश मोकळे आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या. तुमच्या घरातली सावली तेवढे आकाशच ठरवणार आहे.